कुंडलिकेचें पाणी

नदी नौकाविहारास योग्य कीं अयोग्य, हें तिच्या रूपावरून ठरवूं नये; तिचें पाणी कोठून व केव्हां येतें, हें आधीं विचारावें. गेल्या पौषांत कोलाडनजीक कुंडलिकेकांठीं आम्हांस हा धडा मिळाला. आकाश निरभ्र होतें, पाणी घोट्याइतकें. नातू वल्हें घेऊन उतरूं लागला, तोंच एक वृद्ध कोळी म्हणाला, "आजोबा, पोराला वर घ्या. पाणी सुटायची वेळ झाली." घटकाभरांत, पावसाचा थेंबही नसतां, ज्या खडकावर आम्ही बसलों होतों तो दिसेनासा झाला!

याचें कारण सह्याद्रीच्या माथ्यावर आहे. ज्या मुळशी धरणाविरुद्ध १९२१ सालीं सत्याग्रह झाला, त्यांत अडविलेलें मुळा नदीचें पूर्ववाहिनी पाणी नळांतून पश्चिमेस भिऱ्याच्या वीजगृहांत उतरतें आणि वीज देऊन कुंडलिकेस मिळतें. म्हणून पावसाळा सरल्यावरही येथें होडी चालते. परंतु ती वीजगृहाच्या वेळेनें.

वाचकांनीं कोणत्याही नदीवर जातांना वर धरण आहे काय, हें स्थानिकांस विचारावें. कांठच्या दगडावर पाण्यालगत खूण करावी. ती बुडूं लागतांच बाहेर यावें. दुसरे दिवशीं नातवानें आधीं वेळ विचारली, मग वल्हें उचललें.