वंशावळींतील रिकामी चौकट

पनवेलच्या आमच्या जुन्या घरांत वंशावळीचा एक कागद आहे. सात पिढ्यांचे पुरुष त्यावर ओळीनें बसले आहेत. स्त्री एकही नाहीं. श्री. ना. पेंडशांची ‘तुंबाडचे खोत’ (१९८७) ही एका कोंकणी घराण्याच्या चार पिढ्यांची कादंबरी वाचून आम्ही ‘रक्ताचा गुण’ म्हणून मान डोलावीत होतों. तोंच कन्येनें तो कागद पुढें करून विचारलें, “बाबा, ह्यांत आज्या-पणज्या कुठें आहेत?”

मेंडेलनें १८६६ सालच्या निबंधांत वाटाण्यांवरून दाखविलें, कीं वारशांत मातेचा वांटा पित्याइतकाच असतो. महाभारत तर त्याहून धीट. शंतनूचा वंश त्याच्या पुत्रांपाशींच खुंटला. धृतराष्ट्र व पांडु हे व्यासाचे पुत्र, म्हणजे धीवराघरीं वाढलेल्या सत्यवतीचे नातू. नांव मात्र कुरूंचेंच राहिलें.

आमचा तापट स्वभाव पणजोबांचा, असें आम्ही आजवर तोऱ्यानें सांगत आलों. तो कदाचित् पणजीचाही असेल. तिचें माहेरचें नांव सांगणारें आतां कोणी उरलें नाहीं. पणजोबांच्या शेजारीं आम्हीं एक रिकामी चौकट तेवढी आंखून ठेवली आहे.