सातवीतल्या मुलीसाठी

जून संपत आला. शाळेच्या ग्रंथालयासाठी यादी करायला बसले आणि पहिलं नाव आपसूक 'श्यामची आई' लिहिलं. १९३५ सालचं पुस्तक, ते हवंच. मग आठवली सातवीतली ती मुलगी. "बाई, माझ्या वयाचं काही आहे का?" लहानग्यांसाठी माधुरी पुरंदरे आहेत, धाडसाची हौस भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे पुरवतो. तेरा-चौदाव्या वर्षीची मनातली घालमेल मात्र फार थोड्या मराठी पुस्तकांत सापडते. तिला प्रकाश नारायण संतांचं 'वनवास' दिलं. चार दिवसांत त्यातल्या लंपनची दोस्त होऊन ती पुढचं 'शारदा संगीत' मागायला आली! यंदाची यादी मुलांना विचारूनच करणार. बायांनो, सरांनो, तुम्हीही आधी त्यांना विचारा आणि कपाटाचं कुलूप काढून ठेवा.