लाल कांदा की उन्हाळ?

मोसम पुलाजवळच्या आमच्या टपरीवर चहा प्यायचा असेल, तर खिशात पैसे नसले तरी निभते. उधारीची वही आहे. मत मात्र रोख लागते. इराणपासून इरिगेशनपर्यंत ज्याला कशावरच मत नाही अशा माणसाकडे टपरीवाला काळजीने बघतो आणि विचारतो, "काय मास्तर, तब्येत बरी आहे ना?" त्यामुळे मीही मते बाळगून असतो. क्रिकेटवर तर फारच. वास्तविक क्रिकेटच्या मैदानावर मी उभा राहिलो तो एकदाच. शिक्षक विरुद्ध विद्यार्थी असा सामना होता आणि मी पंच होतो. त्या सामन्यात जखमी झालेला एकमेव इसम मीच. पण मत द्यायला खेळावे लागते असे कोण म्हणतो? तसे असते तर वर्तमानपत्राचे शेवटचे पान कोरेच छापावे लागले असते.

तर माझे एक मत पाच वर्षे ठाम होते : पृथ्वी शॉ संपला.

हे मत जन्माला आले डिसेंबर २०२० मध्ये, ॲडिलेडच्या कसोटीत. पहिल्या डावात दुसऱ्याच चेंडूवर शून्य, दुसऱ्या डावात चार, आणि त्यानंतरच्या दिवशी सगळा भारतीय संघ छत्तीस धावांत घरी. छत्तीसचे खापर एकट्याच्या डोक्यावर फोडणे अन्यायाचे होते, पण चहा निवत होता आणि डोके कोणाचे तरी हवे होते. मी म्हटले, "त्याच्या बॅट आणि पॅडच्या मधून कापडाचे तागे भरलेली हातगाडी जाईल." टपरीला हे फार आवडले. एखादे वाक्य टपरीला आवडले की माणूस त्याचा गुलाम होतो. मीही झालो.

मत पाळणे हे शेळी पाळण्यासारखे आहे; त्याला आजारपणे असतात. २०२१ च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये या गृहस्थाने विजय हजारे स्पर्धेत ८२७ धावा काढल्या. माझे मत अंथरुणाला खिळले. जुलैत श्रीलंकेत पहिल्यावहिल्या टी-ट्वेंटीत तो पहिल्याच चेंडूवर बाद झाला. मत उठून बसले. जानेवारी २०२३ मध्ये आसामविरुद्ध ३७९! रणजीच्या इतिहासात त्याहून मोठी खेळी एकच, १९४८ साली पुण्याला भाऊसाहेब निंबाळकरांची नाबाद ४४३. त्या आठवड्यात मी टपरीवर गेलोच नाही. सौ.ला सांगितले, गुडघा दुखतोय. पुढे २०२४ च्या हंगामात मुंबईने त्याला रणजी संघातून वगळले आणि नोव्हेंबरात जेद्दाच्या लिलावात पंचाहत्तर लाखांनाही त्याला कोणी विचारले नाही, तेव्हा गुडघा एकदम बरा झाला. माझे मत इतके धष्टपुष्ट पूर्वी कधीच नव्हते.

त्या रात्री जेवताना मी ते घरातही मांडले. "संपला. मी म्हणतच होतो. चौदाव्या वर्षी ५४६ मारले की पोरगं बिघडणारच." भाकरीचा तुकडा मोडता मोडता माझे लक्ष समोर गेले. भाचा ताटातल्या मिठाकडे बघत होता. सौ.ने मला वाढायच्या डावाने असे काही वाढले की मी गप्प बसलो.

आता या भाच्याचे सांगितले पाहिजे. माझी बहीण सटाण्याजवळ दिली आहे. तिचा हा मुलगा पंधराव्या वर्षी जिल्ह्याच्या सोळा वर्षांखालच्या शिबिरासाठी निवडला गेला. बहिणीने देवमामलेदारांच्या मंदिरात पेढे वाटले. चौकात फलक लागला. त्यात मधोमध हा, आणि भोवती शुभेच्छुक म्हणून सदतीस चेहरे, त्यातल्या एकालाही बॅटची कुठली बाजू पुढे धरतात हे ठाऊक नव्हते. पुढच्या वर्षीच्या यादीत नाव नव्हते. का नव्हते, हे कोणी सांगितले नाही. नाव यादीत असले की पत्र येते; नसले की काहीच येत नाही. फलक मात्र पावसाळ्यापर्यंत तसाच होता. फाटला तोही कडेकडेने. आधी सदतीस शुभेच्छुक गेले, हा एकटाच बरेच दिवस हसत राहिला.

सध्या तो बावीस वर्षांचा आहे. बी.कॉम. झाला आणि बँकेच्या परीक्षांच्या क्लाससाठी आमच्याकडे राहतो. किटची पिशवी आली ती थेट माळ्यावर गेली. त्याने ती कधी उतरवली नाही, आणि आम्ही कोणी विषय काढला नाही. पृथ्वी शॉचा मात्र आम्ही रोज काढत होतो.

१६ डिसेंबर २०२५, मंगळवार. अबूधाबीला आयपीएलचा लिलाव होता. त्याच दिवशी दाजी मुंगशाला कांदा घेऊन आले होते. सकाळचा लिलाव आटोपून, ट्रॅक्टर खळ्यावर रिकामा करून, जेवायला आमच्याकडे. पुलापलीकडचे चाचाही आले. त्यांचे बारा माग आहेत आणि तीस वर्षांची ओळख. शाळेच्या पडद्यांचे कापड त्यांच्याकडून येई. त्यांच्या भागातली वीज गेली होती. माग बंद पडले की चाचांना घरात करमत नाही. कानांना खडखडाटाची सवय, शांततेत त्यांचे डोके दुखते. भाच्याच्या मोबाइलला तांब्याचा टेका देऊन आम्ही लिलाव बघायला बसलो.

दाजींनी आयुष्यात लिलाव पुष्कळ पाहिले. माल म्हणून माणूस प्रथमच पाहत होते. मल्लिका सागर बोली पुकारत होत्या, आणि दाजी बारकाईने बघत होते.

"व्यापारी बसूनच बोली करतात?"

"हो."

"ट्रॉलीत हात घालत नाहीत? खालचा माल बघत नाहीत?"

"नाही."

"मग खळ्यावर गेल्यावर वांधा पडतच असेल," दाजी म्हणाले. मुंगशाला वर चांगला माल आणि खाली गोल्टी निघाली की व्यापारी भाव तोडतो, त्याला वांधा म्हणतात. आयपीएलमध्येही अगदी असेच चालते, फक्त तिथे वांधा एप्रिल-मेमध्ये पडतो आणि भाव तोडता येत नाही, हे मला त्या क्षणी प्रथमच उमगले.

कॅमेरून ग्रीनला कोलकात्याने पंचवीस कोटी वीस लाख दिले. दाजींनी माझ्याकडे पाहिले. मी गणिताचा मास्तर. क्विंटलला पंधराशे भाव धरून मी सांगितले, "एक लाख अडुसष्ट हजार क्विंटल." दाजी बराच वेळ बोलले नाहीत. एवढा कांदा डोळ्यांपुढे आणायला वेळ लागतो.

पृथ्वी शॉचेही नाव आले. मूळ किंमत पंचाहत्तर लाख. एकही पाटी वर झाली नाही. नाव आले तसे गेले.

"लाल कांदा शे हाऊ," दाजी म्हणाले.

चाचांना अहिराणी कळते, पण कांद्यातले कळत नाही. म्हणून दाजींनी खुलासा केला. लाल कांदा लवकर येतो. रंग असा की बघत राहावे. पण काढला की आठ-पंधरा दिवसांत विकावा लागतो. चाळीत भरला तर कोंब फुटतो नाहीतर सडतो. उन्हाळ कांद्याचे तसे नाही. मार्च-एप्रिलमध्ये काढा, चाळीत टाका, पाच-सहा महिने पडून राहील. वजनात घटेल, पण टिकेल. "हे पोरगं चौदाव्या वर्षी बाजारात आलं. अठराव्या वर्षी कसोटीत पहिल्याच सामन्यात शंभर. लाल कांदा. आता चाळीत टिकत नाही."

दाजी शॉबद्दलच बोलत होते. ते इतके सरळ आहेत की एका वाक्यात दोन अर्थ ठेवणे त्यांना जमणार नाही. पण भाचा उठला आणि पाणी प्यायला आत गेला. पाण्याचा तांब्या त्याच्या पुढ्यातच होता, मोबाइलला टेका दिलेला.

सौ.ने माझ्याकडे पाहिले. दाजींनी काही केले की ती माझ्याकडेच बघते.

चाचा सावकाश म्हणाले, "भाई, माग पे धागा टूटता है तो थान नहीं फेकते. गाठ मारते हैं."

"गाठ दिसते ना चाचा," मी म्हणालो. चांगले चालले असताना असे बोलायची मला तीस वर्षांची सवय आहे.

"दिसू द्या की. आपला ग्रे कपडा. पाली-बालोतऱ्याला जातो, रंगात पडतो. मग शोधा गाठ कुठे आहे."

भाचा परत आला होता. आता परिस्थिती सावरणे माझे कर्तव्य होते. मी घसा साफ केला आणि वर्गात उदाहरणे देतो तशी द्यायला लागलो. "अरे, अमोल मुजुमदार बघ. १९८८ साली शाळेच्या सामन्यात सचिन आणि कांबळी ६६४ ची भागीदारी करत होते, तेव्हा पॅड बांधून हा बसून होता. पाळी आलीच नाही. पुढे रणजीत पहिल्याच सामन्यात २६०—"

"मामा," भाचा म्हणाला, "मुजुमदार भारताकडून एकदाही खेळले नाहीत."

"नसतील. पण २ नोव्हेंबरला आपल्या बायकांनी विश्वचषक जिंकला तेव्हा प्रशिक्षक कोण होतं?"

"म्हणजे एकतीस वर्षं थांबायचं?"

मी कांबळीकडे वळलो. १९९३ मध्ये लागोपाठ दोन द्विशतके, कसोटीतली सरासरी चोपन्न. एवढे बोलल्यावर लक्षात आले की त्याची शेवटची कसोटी तेविसाव्या वर्षीच झाली. तिथून घाईघाईने विराट कोहलीकडे गेलो. २००८ साली एकोणीस वर्षांखालच्या पोरांची निवड झाली तेव्हा खुद्द दिल्लीने दिल्लीचा कोहली सोडून प्रदीप सांगवान घेतला, म्हणून कोहली बंगलोरला मिळाला! हे उदाहरण मला निर्दोष वाटले. भाचा म्हणाला, "मग मी सांगवान आहे की कोहली?"

यावर मास्तरकीच्या तेहतीस वर्षांत तयार केलेले एकही उत्तर लागू पडेना. तरी मी कल्याणच्या प्रणव धनावडेचे नाव तोंडाशी आले होते ते गिळले. जानेवारी २०१६ मध्ये नाबाद १००९ काढलेल्या त्या पोराने वर्ष-दीड वर्षात शिष्यवृत्ती परत केली होती. त्याच्यावर एक हजार नऊ धावांचे ओझे आपण टपरीवाल्यांनीच घातलेले.

"आणि मामा," भाचा शांतपणे म्हणाला, "महाराष्ट्राकडून पहिल्याच डावात तो शून्यावर गेला, तेव्हा तुम्ही म्हणालात, मुंबई सुटली तरी खोड सुटली नाही. दुसऱ्या डावात पंचाहत्तर काढले, तेव्हा म्हणालात दुसऱ्या डावात कोणीही काढतो. पुढच्या सामन्यात चंदीगडविरुद्ध १५६ चेंडूंत २२२ मारले, तेव्हा म्हणालात चंदीगडला बोलिंग आहे कुठे. ३७९ च्या वेळी तुमचा गुडघा दुखत होता."

मला वाटत होते, मी हे सगळे टपरीवर बोलत होतो. घरात कोण ऐकत होते याचा हिशोब ठेवला नव्हता. पोराला तारीखवार पाठ होते. पाढे कधी असे पाठ केले नव्हते त्याने.

कोणी काही बोलेना. चाचांचे डोके दुखायला लागले असावे.

दाजी उठले, टोपी डोक्यावर ठेवली, बंडीतून कांद्याच्या पट्टीची पावती काढून पुन्हा आत ठेवली. घर गाठायचे होते. आम्ही सगळे खाली ट्रॅक्टरपर्यंत गेलो. दाजींनी ट्रॅक्टर सुरू केला, आणि त्या आवाजात भाचा ओरडला, "गेला!"

"कोण गेला?" दाजी दचकून म्हणाले.

"शॉ! दुसऱ्यांदा नाव आलं. दिल्लीने घेतला. पंचाहत्तर लाख!"

दाजींनी ट्रॅक्टर बंद केला. माझ्याकडे पाहिले. "पाच हजार क्विंटल," मी म्हणालो.

"हं." दाजींनी थोडा विचार केला. "मूळ भावातच गेला. तेजी नाही." मग आणखी थोडा विचार करून म्हणाले, "पण परत नाही आणावा लागला."

ट्रॉलीभर कांदा भाव न मिळाल्यामुळे परत घरी आणणे काय असते, हे आमच्यात फक्त दाजींना माहीत होते. त्यांनी पुन्हा चावी फिरवली आणि पोराकडे न बघता, समोर रस्त्याकडे बघत म्हणाले, "माळावरनी पिशवी देखी ले रे. उंदीरसनी खादी व्हई."

उंदरांनी पिशवी खाल्ली नव्हती. ग्लोव्ह्जचा एक अंगठा मात्र खाल्ला होता. बॅटच्या मुठीचा दोरा सुटून लोंबत होता. शुक्रवारी माग बंद असतात. त्या दिवशी चाचा सकाळीच आले ते खिशात सुताची कांडी घेऊन. सायकल लावून पायरीवर बसले आणि त्यांनी मूठ अशी घट्ट विणली की मला वाटले, आता या बॅटने धावा निघोत न निघोत, चादर नक्की निघेल.

बँकेचा क्लास चालूच आहे. परीक्षा मार्चमध्ये आहे. टपरीवर मला विचारले, "मास्तर, शॉचं काय? आता खेळवतील का नुसता बसवून ठेवतील?" मी म्हणालो, माहीत नाही. टपरीवाल्याने लगेच विचारले, तब्येत बरी आहे ना.

बरी होती, संध्याकाळपर्यंत. संध्याकाळी भाच्याने गल्लीत स्टंप म्हणून वीट उभी केली आणि मला टेनिसचा चेंडू दिला. मी आयुष्यातला पहिला चेंडू टाकला. तो समोरच्या आजींच्या गच्चीवर गेला. आजींचा नियम आहे : ज्याने मारला त्याने यायचे नाही, ज्याने टाकला त्याने यायचे. गुडघ्याचे त्यांना सांगून पाहिले. त्या म्हणाल्या, जिना चढायला बरा असतो.