झोळीत मावेल एवढंच

पहिल्या वर्षी तुकोबांच्या पालखीबरोबर निघालो तेव्हा पाठीवर अकरा किलो होते: दोन कॅमेरे, तीन लेन्स, ट्रायपॉड. उंडवडीपर्यंत खांदे सोलवटले आणि निम्म्या वस्तू पिशवीबाहेरही आल्या नव्हत्या. आता एक कॅमेरा, ३५ मिमीची एक लेन्स, चार बॅटऱ्या, खिशातला रेकॉर्डर आणि पावसासाठी प्लास्टिकची पिशवी.

झूम नसली की पायांनी जवळ जावं लागतं, हे सगळेच सांगतात. खरी दमछाक निराळी. दिंडी समोरून टिपायची तर पुढे जाऊन थांबायचं, ती निघून जाऊ द्यायची आणि पळत पुन्हा पुढे गाठायचं. बारामतीहून सणसरपर्यंत वारकरी चालतात त्याच्या दीडपट माझी चाल होते. म्हणून काय टिपायचं नाही, ते सकाळीच ठरवतो. हे जमतं, कारण पालखी जुनी: तुकोबांचे पुत्र नारायण महाराज यांनी ती १६८५ मध्ये सुरू केली. वाट पिढ्यान्‌पिढ्या पायांत मुरलेली. कुठे काय होणार, ते एखाद्या जुन्या विणेकऱ्याला विचारलं की पुरतं.

काटेवाडीत धोतरांच्या पायघड्या, मग मेंढ्यांचं रिंगण. रथाभोवती मेंढ्या धावतात ते काही मिनिटांचंच, पुन्हा धावा म्हणायची सोय नाही. उभ्याने घेतलं तर नुसत्या लोकरीच्या पाठी दिसतात. मी गुडघे टेकतो, फोकस हाताने सहा फुटांवर बांधतो (धुरळ्यात ऑटोफोकस पार भरकटतो) आणि कळप अंगावर येऊ देतो. एकदा मेंढीचा श्वास लेन्सवर धुकं धरून गेला. तोच शॉट ठेवला.

बेलवाडीच्या गोल रिंगणात अश्वाचा नाद मी सोडलाय. त्याच्यासाठी शंभर जण टपलेले असतात. मी डोईवर तुळस घेऊन धावणाऱ्या बायकांकडे तोंड करतो. धाप लागल्यावर एखादी हसते, ते मला हवं असतं. टाळांच्या कल्लोळात रेकॉर्डर आपोआप आवाज कमीजास्त करू लागला की पखवाज बुडतो, म्हणून पातळी आधीच खाली बांधून ठेवतो.

मागे सराटीच्या मुक्कामी चहाच्या टपरीवर बॅटऱ्या चार्जिंगला लावल्या. पहाटे बघतो तर बोर्डाचं बटणच दाबलं नव्हतं, माझंच काम. नीरेत पादुकांना स्नान घातलं तेव्हा कॅमेरा बंद, रेकॉर्डर तेवढा चालू. पाण्याचा आवाज, गजर, कुणाचं तरी ‘माऊली, सरका जरा’. या तीन मिनिटांवर लावायला चित्र नाही. संकलनात तिथे पडदा काळाच ठेवलाय.