डावा हात, उजवा हात

आमच्याकडे दादरला पियानो शिकायला येणाऱ्या मुलांपैकी बऱ्याच जणांच्या घरी पेटी असते, नाहीतर कीबोर्ड तरी असतो. एखाद्याला आजोबांनी ‘काळी दोन’, ‘पांढरी एक’ दाखवलेली असते. त्यामुळे पट्ट्यांचं अप्रूप कुणाला नसतं. अप्रूप असतं ते आत काय आहे याचं. म्हणून पहिल्या दिवशी मी काहीच शिकवत नाही. माझ्या जुन्या अपराइट पियानोचं वरचं झाकण उघडते, पुढची फळी काढून भिंतीला टेकवते आणि मुलाला जवळ बोलावते. एकच अट घालते, तारांना हात लावायचा नाही. बोटांच्या घामानं त्या गंजतात.

मग मोजणी सुरू होते. पट्ट्या ८८, तारा मात्र सव्वादोनशेच्या आसपास. खर्जाच्या टोकाला एका सुराला एकच जाड, तांब्यानं गुंडाळलेली तार, तर वरच्या बाजूला एकेका सुराला तीन-तीन. पट्टी दाबली की नमद्याचा छोटा हातोडा तारेवर आपटतो आणि बोट पट्टीवर असतानाच मागे सरकतो. मी सांगते, “आता हीच पट्टी अगदी हळू दाब.” आवाजच येत नाही. “टीचर, बिघडला!” बिघडलेला नसतो. पट्टी हातोड्याला तारेपर्यंत पोचवत नाही, ती त्याला फेकते. फेक मंद असेल तर हातोडा वाटेतूनच परततो. सूर हलका की जोरकस, हे बोटाच्या वेगावर ठरतं. १७०० च्या सुमारास फ्लॉरेन्समध्ये बार्तोलोमेओ क्रिस्तोफोरीनं ही करामत साधली. त्याआधीच्या हार्प्सिकॉर्डमध्ये तार छेडली जायची, त्यामुळे कितीही जोर लावला तरी आवाजात म्हणावा असा फरक पडत नसे.

यानंतरचा खेळ मुलांचा सर्वांत लाडका. पेटीवाल्यांच्या भाषेत मधली पांढरी एक आवाज न करता दाबून धरायची आणि तिच्या खालच्या सप्तकातला तोच सूर एकदा जोरात वाजवून सोडून द्यायचा. खालचा सूर बंद होतो आणि न वाजवलेला वरचा सूर ऐकू येत राहतो. मुलं याला ‘भूत’ म्हणतात. कारण साधं आहे. पट्टी दाबून धरल्यामुळे वरच्या तारांवरची दाबपट्टी उचललेली असते आणि खालच्या तारेच्या कंपनांनी त्या आपोआप झंकारतात. भूत पकडायचं म्हणजे कान टवकारून बसावं लागतं. माझ्या मते पियानोचा पहिला धडा हाच. या वाद्यात सूर वाजल्या क्षणापासून विरायला लागतो. पेटीत भाता चालू असेपर्यंत तो टिकतो, इथे तसं नाही. तो किती वेळ धरायचा आणि केव्हा सोडायचा, हे कानच सांगतो.

गाणं शिकणारी एक मुलगी आली होती. पंधरा-वीस मिनिटांतच तिनं विचारलं, “यात मींड कशी काढायची?” मी सांगितलं, निघत नाही. दोन पट्ट्यांच्या मधला सूर या वाद्यात नाहीच. ती जरा हिरमुसली. काही महिन्यांनी तिनं जी मेजरमधला तो प्रसिद्ध मिन्युएट दोन्ही हातांनी वाजवायला घेतला. बाखनं आपल्या पत्नीसाठी, अ‍ॅना माग्दालेनासाठी १७२५ साली सुरू केलेल्या वहीत तो आहे. बरीच वर्षं तो बाखच्याच नावावर खपला, प्रत्यक्षात तो क्रिश्चन पेट्झोल्ड या ऑर्गनवादकाचा. उजवा हात चाल वाजवतो आणि डावा नुसता ठेका धरत नाही, त्याचंही स्वतःचं म्हणणं असतं. आधी तिचा डावा हात उजव्याच्या मागे फरफटत यायचा. मग मी तिला उजव्या हातानं वाजवायला आणि डाव्या हाताचे सूर तोंडानं गायला लावलं. गाणारीच ती, चटकन जमलं. दोन्ही हात जुळले तेव्हा ती थांबून म्हणाली, “मी एकटीच दोघी झाले!” मींडीचा विषय तिनं पुन्हा काढला नाही.

हे दोघं होणं एकदम साधत नाही. संगीतकार बार्तोकनं ‘मिक्रोकॉसमॉस’च्या सहा भागांत १५३ रचना चढत्या क्रमानं लावल्या आणि पहिले दोन भाग आपल्या मुलाला, पेटरला अर्पण केले. सुरुवातीच्या रचनांमध्ये दोन्ही हात एकच चाल वाजवतात, पाच बोटं आपापल्या जागेवरून हलतही नाहीत. मग हळूहळू हातांची फारकत होते. मुलांना या रचना आवडतात, कारण त्या छोट्या असतात आणि पहिल्याच आठवड्यात काहीतरी ‘पूर्ण’ वाजवल्याचा आनंद मिळतो.

मुंबईत पियानो सांभाळणं सोपं नाही. पावसाळ्यात लाकूड फुगतं, पट्ट्या अडकतात, सूर हलतात. खालच्या कप्प्यात मी छोटा दिवा लावून ठेवते आणि पाऊस सरला की ट्यूनरला बोलावते. मुलं त्याच्या आजूबाजूला घुटमळतात. तीन तारांपैकी एक किंचित उतरली तर सूर कसा हेलकावतो, हे मी दहा वेळा सांगण्यापेक्षा त्याच्याकडे बघून त्यांना लवकर कळतं.

पालकांचा प्रश्न मात्र ठरलेला, “कोणत्या ग्रेडला बसेल?” परीक्षांना माझा विरोध नाही, त्यांच्यामुळे शिस्त लागते. पण परीक्षेच्या तीन रचना वर्षभर घोटून चौथी न येणारी मुलंही मी पाहिली आहेत. जागा आणि पैसा नसेल तर खरा पियानो नसला तरी चालेल. डिजिटल घ्या, फक्त त्याच्या पट्ट्या वजनदार आणि ८८ असाव्यात. नुसत्या हलक्या पट्ट्यांवर बोटाला वेगाची जाण येत नाही. रोज वीस मिनिटं पुरेत. त्यातली पाच मिनिटं मुलाला मनाला येईल ते वाजवू द्या आणि तेवढा वेळ मोबाइल बाजूला ठेवून शेजारी बसा. मार्क विचारू नका, ‘ते पुन्हा वाजव’ एवढंच म्हणा.