दोन फुटी ट्यूब आणि शंभरचा बल्ब

दिवाळीत गंगाखेडला गेलो होतो. आईनं माळा आवरायला लावला, तेव्हा माझ्या टेबलावरची जुनी दोन फुटी ट्यूबची पट्टी सापडली. चोकची जागा रिकामी, आणि तिथून निघालेल्या वायरींना बल्बचं होल्डर लटकवलेलं!

२०१३, माझी दहावी. त्या फेब्रुवारीत शेजारच्या परळीचं थर्मल पाण्याअभावी बंद पडलं होतं. लोडशेडिंग होतंच, त्यात ट्यूबचा चोक जळला. बाबा म्हणाले, "पगार झाला की आणू", आणि चोकच्या जागी शंभर वॅटचा बल्ब सिरीजमध्ये जोडून दिला. बटण दाबलं की आधी बल्ब लागायचा, स्टार्टर दोन-तीनदा लुकलुकायचा, मग ट्यूब लागायची आणि बल्ब थोडा मंद व्हायचा. मला जादूच वाटायची.

जादू कसली! ट्यूबमधला वायू एकदा पेटला की करंट वाढेल तसा त्याचा रोध कमी होतो, म्हणजे करंट अजून वाढतो. कुणी अडवलं नाही तर खेळ खलास. अडवायचं काम चोकचं. पण बल्बची तारही ते करू शकते, कारण तापली की तिचा रोध वाढतो. बाजारात बिनचोकचा मर्क्युरी बल्ब मिळायचा ना, त्यातही मर्क्युरीच्या नळीशी सिरीजमध्ये टंगस्टनची तारच असायची.

मी लगेच कागदावर हिशोब मांडला. २० वॅटच्या ट्यूबवर साधारण ५७ व्होल्ट पडतात, २३० पैकी उरलेले १७३ बल्बवर. करंट ०.३७ अँपिअर, म्हणजे नुसता बल्बच ६४ वॅट खाणार. बाबांना ऐकवलं, "ट्यूबच्या तिप्पट वीज बल्बानंच खाल्ली की! आणि हे उघडे जोड? शॉक बसला असता मला." (तुम्हीही घरी करू नका.)

बाबा म्हणाले, "जोडाचं खरंय, टेप गुंडाळायला पायजे होती. पण शंभरचाच का लावला, सांग बरं?"

मी परत आकडेमोड केली. साठच्या बल्बानं करंट ०.२२ च्या आसपासच राहिला असता.

"आधी साठचाच लावला होता," ते म्हणाले. "ट्यूब नुसती फडफडली. मग शंभरचा आणला."

"त्यापेक्षा चोकच आणायचा ना!"

"त्याच आठवड्यात तुझं अपेक्षित आणलं होतं."

यावर काय बोलणार? पट्टी भंगारात द्यायची ठरली होती. ती मी पुसून परत माळ्यावर ठेवली.