पिशवी आणि दिवा

माझ्या सायकलीला पुढे एक पिशवी आहे. पिशवी म्हटल्यावर वाचकांच्या डोळ्यांपुढे दांडीला लोंबणारी भाजीची पिशवी उभी राहील. ती ही नव्हे. ही हँडलच्या पुढ्यात, दोन मुठींच्या मधोमध, लाडक्या नातवाला पुढे बसवावं तशी ऐटीत बसलेली असते. वडिलांचा एक खाकी होल्डॉल आमच्या माळ्यावर कित्येक वर्षं पडून होता. तो उसवून, धुऊन, आत पुठ्ठा घालून सौभाग्यवतींनी ती शिवली. पंक्चरचं सामान, चष्म्याचं घर, नकाशा, चार केळी आणि वाटेत मोह पडेल ते सगळं तिच्यात जातं. सायकल न थांबवता एका हाताने झाकण उघडून शेंगदाणे काढता येतात, हे सुख मोटारवाल्यांना सांगून कळायचं नाही.

या पिशवीचं आणि सायकलीच्या दिव्याचं मात्र कधी पटलं नाही. दिवा हँडलवर असावा ही जुनी रीत. पिशवीही हँडलवरच. एका गादीचे दोन वारस! एकाला बसवलं की दुसरा अंधारात.

माझी धाकटी बहीण हरिहरेश्वरला दिलेली आहे. काळभैरवाच्या देवळापासून हाकेच्या अंतरावर तिचं घर, मागे नारळी-पोफळीची वाडी. नोकरीतून मोकळा झाल्यापासून दर भाऊबिजेला मी तिच्याकडे सायकलने जातो. भाऊच्या धक्क्यावर सायकल रो-रो बोटीत चढवायची (ही सोय २०२० सालापासूनची), मांडव्याला उतरायचं आणि अलिबाग, रेवदंडा, काशीद करत मुरूडला मुक्काम ठोकायचा. दुसऱ्या दिवशी आगरदांड्याहून ‘जंगल’मधून दिघीला. घाबरू नका, इकडे जंगल म्हणजे माणसं, मोटारी, फटफट्या एकदम पलीकडे नेणारी फेरीबोट. पुढे दिवेआगरपासून शेखाडीवरून श्रीवर्धनपर्यंतचा रस्ता समुद्राच्या इतका काठाकाठाने जातो की पायाला घाई असली तरी डोळे पुढे जाऊ देत नाहीत. माझा उशीर नेहमी तिथेच होतो. श्रीवर्धनला पोचेतो दिवस कलतो आणि हरिहरेश्वरचे वीस-एक किलोमीटर उरलेलेच असतात.

श्रीवर्धनलाच राहावं, सकाळी उठून जावं, असं कुणीही म्हणेल. पण आम्हां भावंडांचा एक नेम आहे. भाऊबिजेच्या सकाळी देवळामागच्या पायऱ्या उतरून समुद्राकडेच्या खडकांवरून प्रदक्षिणा करायची, मग ओवाळणं. ती वाट फक्त ओहोटीला मोकळी असते. भरतीच्या वेळी तिथे गेलेल्या माणसांना लाटांनी ओढून नेलं आहे, त्यामुळे त्यात हयगय चालत नाही. अमावास्येच्या आसपास या किनाऱ्यावर भरती भर दुपारी आणि मध्यरात्री असते, ओहोटी सकाळ-संध्याकाळ. म्हणजे भाऊबिजेची सकाळ गाठायची तर आदल्या रात्री पोचायलाच हवं. आणि आदली रात्र म्हणजे पाडव्याची. (घरच्या पाडव्याची ओवाळणी मी आगाऊ भरून निघतो. तिच्यावर व्याज लागतं ते परत आल्यावर कळतं.)

२०२३ सालच्या पाडव्याची संध्याकाळ. पिशवीत त्या दिवशी बहिणीचं लुगडं होतं, घरच्या चकल्यांचा डबा होता आणि वर श्रीवर्धनच्या बाजारात घेतलेले पोह्याचे पापड. झाकण नीट लागेना. ते फुगून दिव्याच्या तोंडाशी आलं. दिवा नवा होता, हजार लुमेनचा. दुकानदाराने दुकानातले दिवे मालवून तो भिंतीवर पाडून दाखवला होता आणि मी भाळलो होतो. चंद्राची कोर उगवल्यासारखी करून मावळली. एका उतारावर सायकल आपल्या आपण वेग घेत होती. समोर, दूरवर, आंब्याचे शेंडे दिव्याने लख्ख उजळले होते. त्या शेंड्यांकडे पाहून मला आपल्या दिव्याचा अभिमान वाटला, हे मला आजही आठवतं.

आणि धक्का बसला. मी, सायकल, पापड, सगळं एकीकडे. दुसरीकडे एक म्हातारे गृहस्थ. रस्त्याच्या कडेला वाकून ते सुटलेली गवताची मोळी आवळत होते. ते कमरेत वाकलेले होते आणि माझा हजार लुमेनचा उजेड त्यांच्या पाठीवरून निघून गेला होता.

त्यांचं मनगट सुजलं, गुडघा सोलवटला. मला काही झालं नाही. मी त्यांना उठवलं, मोळी सायकलीवर घातली आणि त्यांच्या घरापर्यंत चालत गेलो. सुनेने हळद लावली, मला चहा दिला. घरातलं कुणी एक शब्द बोललं नाही, आणि तो चहा काही केल्या घशाखाली उतरेना. दवाखान्यात चला म्हटलं तर बाबा ऐकेनात. शेवटी निघताना त्यांनी अंगणात सायकल उभी करायला लावली, दिवा पेटवायला सांगितला आणि बराच वेळ पाहत राहिले.

“दिवा हाय की!” ते म्हणाले. “मग वर कुणाला दाखवतोस? आम्ही कंदील घेऊन जायचो तो गुडघ्याखाली धरून. वर धरला तर आपल्याच डोळ्यावर येतो.”

३ जून २०२० ला निसर्ग वादळ या किनाऱ्यावर आलं, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या, विजेचे खांब आडवे झाले. तेव्हा माळ्यावरचे कंदील पुन्हा खाली काढावे लागले, असं त्यांच्या सुनेने सांगितलं. म्हणजे कंदिलाचं ज्ञान काही फार जुनं झालेलं नव्हतं.

मी दुसऱ्या दिवशी डॉक्टरांना घेऊन गेलो. हाड मोडलं नव्हतं. प्रदक्षिणा मात्र त्या वर्षी चुकली. बहीण काही म्हणाली नाही, पण ओवाळताना तिने निरांजन जरा जास्तच वेळ माझ्या तोंडासमोर धरलं.

घरी परतल्यावर सगळा प्रकार सांगितला. “पिशवी काढून टाका,” ही म्हणाली. स्वतः चार दुपारी खपून शिवलेली पिशवी जिने काढायला सांगितली, तिच्यापुढे थट्टा करण्याची मला छाती झाली नाही. मी म्हटलं, मला एक महिना दे.

तो महिना मी रोज रात्री गच्चीवर काढला. पिशवी ओळंब्यात, नीट झाकण लावलेली असली तरी तिची पुढची कड दिव्यापासून २५ सेंटिमीटर पुढे आणि फक्त ५ सेंटिमीटर खाली येते. दिवा जमिनीपासून १ मीटर उंच. शाळेतलं त्रैराशिक मांडलं तर चाकापुढची सुमारे ५ मीटर जमीन पिशवीच्या सावलीत जाते. ताशी १८ किलोमीटर वेगाने मी सेकंदाला ५ मीटर जातो. म्हणजे शहाण्यासारखी भरलेली पिशवीसुद्धा मला सदैव एका सेकंदाच्या अंधारात लोटत असते. त्या रात्री तर झाकण दिव्याच्या बरोबरीला आलं होतं, तेव्हा कमरेच्या उंचीखालचं सगळं जगच नाहीसं झालं होतं.

मग दिव्याला जागा शोधणं सुरू झालं. प्रथम तो कपाळावर बांधून पाहिला. यात एक गंमत आहे. उजेड डोळ्यांच्या शेजारून निघाला की खाचखळग्यांच्या सावल्या त्यांच्याच मागे दडतात आणि फुटका रस्ता सारवलेल्या अंगणासारखा गुळगुळीत दिसतो. शिवाय ज्याच्याकडे पाहावं तो डोळे मिटून घेतो. पिशवीच्या पुढच्या अंगाला लावला तर पिशवी डुलते आणि दिवा देवळातल्या समईसारखा नव्हे, वाऱ्यावरच्या आकाशकंदिलासारखा हेलकावे खातो. अगदी खाली, चाकाच्या आसापाशी लावला तर गारगोटीची सावली सह्याद्रीएवढी पडते, आणि निम्मा उजेड चाकच खाऊन टाकतं.

बाबांचा गुडघ्याखालचा कंदील मला इथे उमगला. पाच सेंटिमीटर उंचीचा धोंडा दिव्यापासून पाच मीटरवर असला, तर मीटरभर उंचीवरच्या दिव्याने त्याची सावली वीतभर पडते आणि अर्ध्या मीटरवरच्या दिव्याने दोन वितींहून जास्त. वर बसणाऱ्या डोळ्याला धोंडा दिसत नाही, दिसते ती ही सावली. तेव्हा दिवा खाली हवा, पण अगदी पायाशी नको.

हा प्रश्न माझ्याआधी पुष्कळांनी सोडवलेला आहे हे मागाहून कळलं. फ्रान्समध्ये १८९१ सालापासून पॅरिसहून ब्रेस्टला जाऊन परत येण्याची सायकलची मोहीम चालत आली आहे. आता ती चार वर्षांनी होते, अंतर १२०० किलोमीटर, रात्रभर सायकल हाकायची. तिथले जुने कारागीर पुढची पिशवी एका चिमुकल्या कॅरिअरवर ठेवीत आणि दिवा पिशवीच्या खाली, त्या कॅरिअरच्या कडेला जडवीत. जर्मनांनी तर दिव्याच्या उजेडाची वरची कड सुरीने कापल्यासारखी सरळ ठेवण्याचा नियमच केला आहे, समोरच्याच्या डोळ्यांत जाऊ नये म्हणून. २०१३ सालापर्यंत तिथे बहुतेक सायकलींना डायनॅमोच सक्तीचा होता, सहा व्होल्ट आणि तीन वॅटचा. तीन वॅट! आणि मी हजार लुमेन मिरवत होतो.

डायनॅमो म्हटला की मला वडिलांची सायकल आठवते. त्यांनी रॉकेलचा दिवा वापरला होता, आणि त्यांच्या थोरल्या भावाने कार्बाइडचा. त्यात खड्यांवर पाणी ठिबकायचं, वास मारणारा वायू निघायचा आणि तो जळायचा. पुढे टायरवर घासणारा बाटलीसारखा डायनॅमो आला. तो लावला की सायकल जड व्हायची आणि थांबलं की दिवा विझायचा. पण या सगळ्या दिव्यांना चौकटीच्या तोंडाशी एक लोखंडी पट्टी असे, आणि तिच्यापुढे काहीही नसे. पिशवी मागे, कॅरिअरवर. पुढची पिशवी हा माझाच हट्ट.

अखेर आमच्या कोपऱ्यावरच्या सायकलवाल्याकडे गेलो. त्याने माझं त्रैराशिक शांतपणे ऐकून घेतलं आणि पाना उचलला.

“काका, चिमट्याच्या माथ्यावर भोक आहे ना, मडगार्डच्या बोल्टचं? त्यातच पट्टी धरू.”

चिमट्याचा माथा म्हणजे पुढच्या चाकाच्या बरोबर वर, जिथे चिमट्याचे दोन पाय फुटतात ती जागा. पिशवीचं बूड आणि मडगार्ड यांच्यामध्ये चार बोटं मोकळी होती. त्याने जुन्या मडगार्डाची पट्टी कापली, काटकोनात वाकवली, पुढे इतकी काढली की दिव्याचं तोंड पिशवीच्या खालून बाहेर यावं. मी स्वतः साधा वायसर पुढे केला, तर त्याने तो परत माझ्या हातात ठेवला. “हा सुटला तर दिवा चाकात जाईल आणि तुम्ही दिव्याच्या पुढे,” म्हणाला, आणि आत नायलॉनचं कडं असलेलं नट शोधून काढलं, धक्क्यांनी सैल न होणारं. वर पट्टीला दोरीचा एक फासही मारला. नट दगा देईल त्या दिवसासाठी. पिशवीचे खालचे पट्टे हिने आवळून घेतले, म्हणजे बूड लोंबून दिव्यावर बसायला नको. हजार लुमेनचा दिवा मुलाला देऊन टाकला आणि वरची कड कापलेला एक लहानसा घेतला. मजुरीचे त्याने साठ रुपये मागितले. गच्चीवरचा महिना मी हिशेबात धरलेला नाही.

२०२४ च्या पाडव्याला मी श्रीवर्धनहून मुद्दाम अंधार पडल्यावर निघालो. चाकापुढचा रस्ता पायाशी अंथरल्यासारखा दिसत होता. आंब्याचे शेंडे काळोखात राहिले. त्या उतारावर मी खाली उतरून चालत गेलो.

बाबा ओटीवर बसले होते. मनगट ठीक होतं. चकल्यांचा डबा सुनेच्या हाती दिला. मी काही सांगण्याआधीच त्यांची नजर सायकलीकडे गेली. ते उठले, काठी घेतली आणि रस्त्यावर आले.

“त्या मोरीपर्यंत जा,” म्हणाले, “आणि तिथून ये. मी हितं उभा राहतो.”

“बाबा, तुम्ही कशाला? मी दगड ठेवतो एखादा.”

“दगडाला काय कळतंय?”

मी मोरीपर्यंत गेलो, वळलो. ते रस्त्याच्या कडेला, बरोबर गेल्या वर्षीसारखे, कमरेत वाकून उभे राहिले होते. मी इतक्या सावकाश कधी सायकल चालवली नसेल. आधी त्यांची वहाण दिसली, मग काठी, मग धोतराचा काठ, मग वाकलेली पाठ. मी दहा हातांवर थांबलो.

ते सरळ झाले आणि डोळ्यांवर आडवा हात धरला.

“अजून जरासा खाली कर.”

मी पिशवीतून पाना काढला. त्यांनी दिवा बोटाने खाली वाकवून धरला आणि मी नट आवळलं.